शिक्षकी सांभाळून सदर लिहिताय? या चुका टाळा

देवगड तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका शाळेत मी 14 वर्षं शिकवतेय. त्यातली 9 वर्षं एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत लिहितेय. नव्याने सदर मिळालेले शिक्षक फोनवर हमखास विचारतात, ‘‘बाई, दर आठवड्याला विषय आणायचा कुठून?’’ विषय रोज समोर मांडी घालून बसलेले असतात, आणि सगळ्यात मोठी चूक तिथेच होते.

नाव बदललं की झालं, असं समजणं

पहिल्याच वर्षी मी चौथीतल्या एका मुलावर लिहिलं. जुलै महिना होता. यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते. त्याचे वडील खलाशी, नौकामालकाकडून घेतलेली उचल संपलेली. मुलाने जुन्या वह्यांची कोरी पानं काढून, दाभणाने शिवून नवी वही केली होती. मला ते फार मोलाचं वाटलं. नाव बदललं आणि लेख धाडला. वाचकांचे फोन आले, मदतीची विचारणा झाली.

सोमवारी तो मागच्या बाकावर जाऊन बसला. वही दप्तरातून काढेचना.

वाडीत पस्तीस घरं. खलाशी बाप, चौथीतला मुलगा, शिवलेली वही, एवढ्यावर कोणीही ओळखेल. शिवाय लेखाखाली माझं नाव आणि शाळेचं नाव छापलेलं. तुमच्या परिचयात शाळा आली की मुलाचीही शाळा छापली जाते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. परिचयातून शाळा काढायला सांगा, तालुका पुरे.

आता मूल शाळेतून बाहेर पडेपर्यंत त्याच्यावर एक ओळही लिहीत नाही. नंतर लिहिलं तरी घरच्यांना आधी वाचून दाखवते. त्यांनी ‘नको’ म्हटलं की तो लेख तिथेच थांबतो. अत्याचार, पोलीस किंवा बालकल्याण समितीपर्यंत गेलेली गोष्ट असेल, तर हा निव्वळ सौजन्याचा प्रश्न राहत नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील छापता येत नाही.

परवानगीचं ‘बघू नंतर’

पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ सुरू केलं, पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापनही केलं. पत्रकारदिनी त्यांचं उदाहरण ऐकून हुरूप येतो, आणि यायलाच हवा. पण जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला 1967 चे वर्तणूक नियम लागू आहेत. खाजगी शाळेत असाल तर सेवाशर्तींची 1981 ची नियमावली पाहा. ललित लेखन वेगळं आणि शासनाच्या धोरणावरची टीका वेगळी. सदर सुरू होण्याआधीच मुख्याध्यापकांमार्फत लेखी अर्ज द्या आणि पोच जपून ठेवा. तोंडी ‘लिहा हो बाई’ साहेबांच्या बदलीबरोबर निघून जातं.

शनिवारचा भरवसा

पावसात आमच्याकडे वीज आणि नेटवर्क जोडीनेच जातात. रविवारचा लेख बुधवारी गेलाच पाहिजे. गणपतीच्या दिवसांसाठी दोन लेख आधीच लिहून ठेवा, तेव्हा घरातल्या कोणालाच लिहायला बसणं जमत नाही. आणि मुलांना शुद्धलेखन देऊन वर्गात लेख पुरा करू नका. तो तास त्यांचा आहे.

फॉन्ट बदलताना अक्षरं मोडणं

आपण युनिकोडमध्ये टाइप करतो, काही दैनिकांत पानं अजून जुन्या फॉन्टमध्ये लागतात. रूपांतरात ‘ऱ्य’चा हमखास बळी जातो. माझ्या एका लेखात ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ होत्या, छापून आला ‘सह्याद्रीच्या दर्या’. लेखासोबत पीडीएफ पाठवा आणि उपसंपादकांना असे चार-पाच शब्द वेगळे लिहून कळवा. बोलीतली वाक्यंही त्या यादीत घाला, नाहीतर मुद्रितशोधनात ‘आसा’चं ‘आहे’ होतं. आपल्याकडूनही मालवणी आणि संगमेश्वरी एकाच माणसाच्या तोंडी जाऊ नये. शंका असेल तर ज्याची बोली आहे त्याच्याकडून वाक्य म्हणवून घ्या.

चूक होऊन गेली असेल तर

खुलासा छापू नका, त्याने ज्यांना कळलं नव्हतं त्यांनाही कळतं. ई-पेपरवरून आणि संकेतस्थळावरून लेख काढण्याची विनंती लेखी करा. भिंतीवर कात्रण लावलं असेल तर तेही काढा. मग त्या घरी जा. फोन करू नका, निरोप धाडू नका, स्वतः जा.

मी आठवड्याने गेले, उशिराच. त्याची आई पडवीत सुकी मासळी निवडत होती. म्हणाली, ‘‘बाई, लिवलास ता खरा आसा. पण आधी आमका सांगूक व्हया होता.’’ मी तिची माफी मागितली, आणि मुलाला बाहेर बोलावून त्याचीही. तो खांबाला टेकून उभा राहिला, काही बोलला नाही. पहिल्या बाकावर परत यायला त्याला दिवाळीची सुट्टी उलटावी लागली.