किनाऱ्यावर इंजिनचे पार्ट रंगवताय? या चुका टाळा

गाडीचं इंजिन उतरवलंच आहे, तर ब्लॉकलाही (इंजिनच्या मुख्य ओतीव अंगालाही) रंग मारून घेऊ, म्हणत लोक दुकानातला सगळ्यात महाग ‘हीटप्रूफ’ डबा उचलतात. हर्णै, मालवण, वेंगुर्ल्याच्या वाऱ्यात एका पावसाळ्यात त्यालाही फोड येतात आणि शिव्या डब्याला बसतात. डबा बहुतेक वेळा चांगलाच असतो. घात करतं ते रंगाखाली राहिलेलं मीठ.

मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि ओतीव लोखंडाच्या खरबरीत अंगात, गंजाच्या बारीक खड्ड्यांत दडून बसतं. रॉकेल किंवा थिनरमध्ये ते विरघळत नाही, त्याला पाणीच लागतं. पाणीही गोडं हवं. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी मारलंत तर काढलेलं मीठ पुन्हा घातल्यासारखंच! आधी डिग्रीझर, मग वायर ब्रश, मग भरपूर गोडं पाणी, लगेच कॉम्प्रेसरची हवा आणि शेवटी थिनरचा पांढरा फडका. फडका पांढराच परत आला तर पुढे जा. कॉम्प्रेसरच्या टाकीत आपल्याकडे भराभर पाणी साचतं, तेव्हा आधी खालचं बूच उघडून ते काढून टाका. धुतलेल्या लोखंडावर बघता बघता तांबूस झाक धरते, म्हणून सकाळी धुऊन संध्याकाळी प्रायमर हा हिशेब इथे चालत नाही. डिझेलचा हात शेवटचा ठेवू नका. त्याचा तेलकट थर राहतो आणि रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

टॅपेट कव्हर (इंजिनच्या डोक्यावरचं झाकण) अल्युमिनियमचं असेल तर रेडऑक्साइड प्रायमर विसरा, त्यावर तो नीट धरत नाही. एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन घट्ट धरणारा, घ्या. कॉस्टिक सोड्यात तर अल्युमिनियम बुडवूच नका, धातूच खाल्ला जातो.

आता उष्णता. ब्लॉक चालताना शंभर अंशांच्या आसपास असतो. साधारण 250 ते 300 अंश सोसणारं इंजिन इनॅमल त्याला पुरून उरतं, 600 अंशांचा डबा तिथे उगाच. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या भागाचं, गणित निराळं. तो 500 अंशांच्या वर सहज जातो, इनॅमल तिथे जळून धूर सोडतं. तिथे सिलिकॉनचा हाय-टेम्परेचर रंगच हवा, तोही पातळ, आणि त्याखाली साधा प्रायमर नको. तापवल्याशिवाय हा रंग पक्का होत नाही. इंजिन थोडा वेळ चालू, मग गार, मग जास्त वेळ, असं डब्यावर लिहिल्याप्रमाणे करा. एवढं करूनही किनाऱ्यावर मॅनिफोल्डला गंज येणारच, तो रंग गंज फारसा रोखत नाही. मी तिथे पैसे घालणार नाही.

सुरकुत्या पडल्या तर दुसरा हात चुकीच्या वेळी बसलाय. बऱ्याच स्प्रेना तासाभरात किंवा मग दोन-तीन दिवसांनी, अशी दोनच वेळापत्रकं चालतात. चकचकीत काळ्यावर पांढरट धुरकट झाक आली तर दमट हवा. हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांखाली आणि धातू दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा) किमान 3 अंश गरम असल्याशिवाय फवारा धरू नका. जून ते सप्टेंबर हे इथे जमणं कठीण, श्रावणातल्या उन्हालाही भुलू नका. दिवाळीनंतरची कोरडी दुपार धरा, पण चिऱ्याची तांबडी धूळ उडणाऱ्या रस्त्याकडेला नको.

पावडर कोटिंग (रंगाची भुकटी मारून भट्टीत भाजणं) देखणं होतं, पण भट्टी 180 ते 200 अंशांची असते. रबर सील आधी काढा. तेल प्यायलेलं जुनं कास्टिंग एकदा रिकामंच भाजून घ्यायला सांगा, नाहीतर कोटिंगला बारीक भोकं पडतात.

गॅस्केटची (दोन भागांमधल्या पॅकिंगची) बैठक, अर्थिंगची जागा, पट्ट्याच्या खाचा आणि सेन्सरच्या बैठकीवर मास्किंग टेप लावा. ब्लॉकवर कोरलेल्या इंजिन नंबरावर तर जाड रंग किंवा लांबी (पुट्टी) अजिबात नको. पासिंगला तो वाचता आला नाही तर आरटीओत तुम्हालाच खरवडत बसावं लागेल.