किटचा खोका उघडण्याआधी: गोव्यात घरचे स्पीकर जोडायची तयारी

चवथीची धांदल संपते, पाऊस ओसरतो आणि नोव्हेंबरपासून मेपर्यंत जरा सुकं सापडतं. गोव्यात लाकडाचं काम करायचं तर याच दिवसांत, आणि घरी स्पीकर जोडायचे म्हणजे निम्म्याहून जास्त काम लाकडाचंच. म्हणून पहिली तयारी कॅलेंडरची. किट, म्हणजे स्पीकरचे सुटे भाग आणि नकाशा असा संच, बाहेरून मागवणार असाल तर ऑर्डर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच द्या. कस्टम, कुरिअर हे सगळं उरकून खोका हातात येईतो हवा सुकलेली असेल. डिसेंबर-जानेवारीत कापणी आणि चिकटवणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये पॉलिश. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दारात येतो, तोवर लाकडाची एकही कड उघडी राहता कामा नये.

एवढ्या जोरानं सांगतोय कारण माझी पहिली जोडी मी डिचोलीत ऐन जुलैत केली होती, तीही एमडीएफमध्ये, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळीत. चवथीत घरी सगळ्यांनी ऐकली, वाखाणली. सप्टेंबरच्या शेवटी तबल्याच्या डग्ग्याबरोबर कुठूनतरी फुरफुर ऐकू यायला लागली. वूफर, म्हणजे खालचे स्वर वाजवणारा मोठा भाग, फाटला असं समजून मी तो काढून पाहिला, तो ठणठणीत. मग खोकं उलटं केलं. तळाची कड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगली होती, नख लावलं की भुसा सुटत होता आणि मागच्या सांध्यात पोस्टकार्ड जाईल एवढी फट पडली होती. वाजताना हवा तिथून ये-जा करत होती. वूफर आणि ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारे छोटे भाग) वाचले, पण दोन्ही खोकी टाकून द्यावी लागली.

किटमधली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे सोबत येणारा नकाशा. वूफर, ट्वीटर, क्रॉसओव्हरचे (म्हणजे स्वर वूफर-ट्वीटरमध्ये वाटून देणाऱ्या सर्किटचे) सुटे भाग हे सगळं वेगवेगळंही विकत मिळतं. पण कुठला वूफर किती लिटरच्या खोक्यात बसवायचा आणि तो ट्वीटरशी कुठे सांधायचा, हे कुणीतरी महिनोन्‌महिने मोजून त्या कागदावर उतरवलेलं असतं. ऑस्ट्रेलियात १९६१ साली नेव्हिल थिएल यांनी आणि पुढे १९७०च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी त्यामागचं गणित बसवलं. वूफरची स्वतःची कंपनसंख्या, त्याच्या पडद्याचा लवचीकपणा आणि चुंबकाचा त्याच्यावर असलेला लगाम एवढं मोजलं, की त्याला खोकं केवढं लागेल ते लाकूड कापण्याआधी सांगता येतं. आजची बहुतेक किटं याच गणितावर उभी आहेत. तेव्हा नकाशाची छापील प्रत काढा, ती दोनदा वाचा आणि प्रत्येक मापापुढे ते आतलं आहे की बाहेरचं हे पेन्सिलीनं लिहून ठेवा.

खोक्याची पुढची फळी नकाशात जेवढी रुंद असेल तेवढीच ठेवायची. हा मुद्दा बरेच जण सोडून देतात. उंच स्वर फळीवरून पुढे फेकले जातात, खालचे स्वर मात्र फळीला वळसा घालून मागे पसरतात. हा बदल साधारण कुठे होतो ते काढायला ११५ला फळीच्या मीटरमधल्या रुंदीनं भागायचं. २० सेंटीमीटरची फळी असेल तर उत्तर सुमारे ५७५ हर्ट्झ येतं, म्हणजे माणसाच्या आवाजाच्या अगदी मध्यावर. क्रॉसओव्हर बनवणाऱ्यानं याची भरपाई आधीच करून ठेवलेली असते. तुम्ही शोकेसला शोभावी म्हणून फळी रुंद केलीत, किंवा स्पीकर शोकेसच्या खणातच घुसवलात, तर ती भरपाई उलटते आणि गाणाऱ्याचा आवाज जाड, कोंडल्यासारखा येतो.

कुठलं किट घ्यायचं हे आपल्या गाण्यावरून ठरवा. माझ्या घरी शास्त्रीय, नाट्यसंगीत आणि भजनं वाजतात. काळी एक सुरात गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे ६० हर्ट्झपर्यंत स्वच्छ पोचणारा, १६-१७ सेंटीमीटरच्या वूफरचा दुमार्गी (एक वूफर, एक ट्वीटर असा) स्पीकर अशा घराला पुरेसा आहे. त्याच्याही खालचा धमाका हवा असेल तर मोठं खोकं, मोठा खर्च आणि मोठी खोली, तिन्ही लागतात. नॉर्वेची सीस, डेन्मार्कची स्कॅन-स्पीक, इंडोनेशियात माल बनवणारी एसबी अकूस्टिक्स, यांचे वूफर-ट्वीटर असलेली किटं मिळतात. आपल्या हवेसाठी मी दोनच गोष्टी बघतो. वूफरची गोल किनार रबराची हवी, फोमची नको, कारण फोम दमट हवेत काही वर्षांत भुगा होतो. आणि पडदा पॉलिप्रॉपिलिनचा किंवा लेप दिलेल्या कागदाचा हवा. अॅम्प्लिफायरची फार चिंता करू नका. एका वॉटला एक मीटरवर ८६ डेसिबल देणारा स्पीकर घरगुती ऐकण्यात दोन-चार वॉटच्या वर क्वचितच जातो. फक्त किट ४ ओहमचं असेल तर तुमचा अॅम्प्लिफायर ते पेलतो का, एवढं त्याच्या मागच्या पट्टीवर वाचून घ्या.

बंद खोकं घ्यायचं की पोर्टचं, म्हणजे हवेसाठी उघडी नळी ठेवलेलं, हा प्रश्न गोव्यातल्या माणसाला समजावून सांगणं सोपं आहे. घुमट, म्हणजे आपलं मडक्याचं वाद्य, वाजवणाऱ्याकडे नीट बघा. उजवा हात चामड्यावर पडतो आणि डाव्या हाताचा तळवा मडक्याचं दुसरं, उघडं तोंड झाकतो-उघडतो. तोंड जसं मोकळं होतं तसा घुमार बदलतो. मडक्यातली हवा आणि तोंडाशी असलेला हवेचा गोळा मिळून एका ठराविक स्वराला डोलतात. पोर्टच्या स्पीकरमध्ये हेच घडतं. नळी आखूड केली की तो स्वर वर जातो, लांब केली की खाली येतो, म्हणून नकाशातली नळीची लांबी मिलिमीटरमध्ये पाळायची. पोर्टमुळे खर्ज थोडा खोल जातो, पण त्या स्वराच्या खाली आवाज झपकन पडतो. बंद खोक्यात तो सावकाश, निम्म्या उताराने कमी होतो. स्पीकर भिंतीजवळ राहणार असेल तर मी बंदच घेईन. शिवाय पोर्ट उघडा म्हणजे कुंभारणीला, म्हणजे मातीचं घरटं बांधणाऱ्या माशीला, आयतं घर. आमच्या ओळखीच्या एकाकडे मे महिन्यात एका बाजूचा खर्ज गेला तो तिनं नळीत मातीचं घरटं बांधल्यामुळेच. पोर्टचंच किट घेतलंत तर बारीक जाळीचा तुकडा आधीच आणून ठेवा.

आता लाकूड. परदेशी नकाशात बहुतेक वेळा एमडीएफ लिहिलेलं असतं, कारण ते सगळीकडून सारखं घट्ट असतं आणि सहज कापलं जातं. इथे मी पुन्हा ते वापरणार नाही. १८ मिलिमीटरचं मरीन प्लाय घ्या, ज्यावर आयएस ७१०चा शिक्का असतो. आयएस ३०३चं त्यापेक्षा स्वस्त पडतं, पण पाणी सोसण्यात उणं. दुकानात कडेनं निरखून पाहा. थरांमध्ये पोकळी दिसली तर ती फळी नको, वूफर वाजायला लागला की तीच जागा खडखडणार. आणखी एक काम दुकानातच करा, जाडी स्वतः मोजा. १८ म्हणून दिलेली फळी बऱ्याचदा १७च्या आसपास भरते. खोक्याच्या आतल्या जागेला त्यानं फारसा फरक पडत नाही, पण बाजू आणि तळ एकमेकांना जुळत नाहीत आणि सगळा वेळ रंधा मारण्यात जातो. आतलं माप धरून नकाशा नव्यानं मांडा. उदाहरणार्थ, आतून १८ बाय ३२ बाय २६ सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ १५ लिटर. त्यातून वूफरचं मागचं अंग आणि आधाराच्या पट्ट्या जेवढी जागा खातात तेवढी वजा करायची. फळ्या घरी आणल्या की लगेच कापू नका. आठ-दहा दिवस खोलीत, मध्ये पट्ट्या घालून आडव्या रचून ठेवा.

कापणी मोठ्या टेबलावरच्या करवतीवर करून घ्या. हातातल्या करवतीनं सहा फळ्या काटकोनात कापणं आपल्यासारख्याचं काम नाही. सुतार ओळखीचा असेल तर फार बरं, पण त्याला हे खोकं कशाचं आहे ते आधी सांगून ठेवा. आमचा मेस्त कपाटं करण्यात एक नंबर. त्यानं सवयीप्रमाणे विचारलं, "बाब, मागची फळी पातळ घेऊया? तिथे कोण बघतं?" मी म्हटलं, "मेस्त, हे हवा कोंडायचं खोकं. सगळ्या फळ्या एकाच जाडीच्या, आणि खिळे नकोत, नुसता मरीन फेविकॉल आणि क्लॅम्प." तेव्हापासून तो स्वतःच गुण्या लावून प्रत्येक कोपरा मला दाखवतो. क्लॅम्प निदान सहा जमवा. भोकं पाडण्याआधी वूफर-ट्वीटर किटच्या खोक्यातून काढून व्हर्नियरनं मोजा, कागदावरच्या मापावर विसंबू नका. चिकटवणी झाली की रात्री दिवे बंद करून आत चालू टॉर्च ठेवा, वूफरच्या भोकावर पुठ्ठा घट्ट दाबून धरा आणि बाहेरून सांधे न्याहाळा. उजेडाची रेघ दिसली तिथे आतून पुन्हा फेविकॉल भरायचा. कापलेल्या सगळ्या कडा, वूफरच्या भोकाची आतली कडसुद्धा, सीलरचे दोन हात देऊन बंद करायच्या. ओल शिरते ती कडेतूनच.

क्रॉसओव्हरसाठी जेवणाच्या टेबलावर एक पूर्ण रविवार राखून ठेवा. दुमार्गी स्पीकरमध्ये वूफर आणि ट्वीटरचा सांधा बहुधा २ ते ३ हजार हर्ट्झच्या दरम्यान असतो, आणि आपला कान सगळ्यात तीक्ष्ण आहे तोही त्याच्याच आसपास. इथली चूक लपत नाही. कपॅसिटर मोजणारा मल्टिमीटर आणा आणि प्रत्येक भाग जोडण्याआधी मोजून त्याचा आकडा चिकटपट्टीवर लिहा. डाव्या-उजव्या स्पीकरला शक्य तेवढे सारखे भाग वाटून द्या. कॉइल एकमेकींपासून लांब आणि काटकोनात बसवायच्या, नाहीतर एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत उतरतं. लोखंडी स्क्रूनं कॉइल आवळू नका, पितळेचा स्क्रू किंवा प्लास्टिकची पट्टी वापरा. पांढऱ्या सिमेंटचे रेझिस्टर तापतात, त्यांना फळीपासून थोडं वर उचलून ठेवा. कॉइलच्या जाड तारेला २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, ६० वॉटचं घ्या. आणि तारेवरचा लाखेचा थर खरवडल्याशिवाय टाका धरत नाही. मांद्रे-हरमलच्या बाजूला राहत असाल तर खाऱ्या हवेसाठी टाके झाल्यावर त्यांच्यावर पारदर्शक वॉर्निशचा एक हात द्या.

आत भरायला कापूस किंवा ज्यूट नको, त्याला बुरशी धरते. उशीत भरतात ते पॉलिएस्टर तंतू आणा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, आणि ते हातानं पिळायचे. वूफरचं चुंबक स्क्रूड्रायव्हर खसकन ओढतं आणि पडदा फाटायला एक क्षण लागतो. पडद्यावर पुठ्ठ्याचा गोल तुकडा ठेवून काम करा. ट्वीटरच्या घुमटीला तर बोटही लावू नका.

वूफर बसवण्याआधी दीड व्होल्टचा एक सेल जवळ ठेवा. सेलचं धन टोक वूफरच्या धन टोकाला क्षणभर टेकवलं की टप असा आवाज होऊन पडदा बाहेर यायला हवा. आत गेला तर तारा उलट्या आहेत. दोन्ही वूफर असे तपासा आणि टोकांवर रंगाचा ठिपका द्या. दोनपैकी एक उलटा जोडला गेला तर खर्ज एकमेकांना मारून टाकतो आणि माणूस दोष खोलीत शोधत बसतो. ट्वीटरवर मात्र हा प्रयोग करू नका.

खोलीही आधी बघून ठेवा. मध्यभागी उभं राहून एकदा टाळी वाजवा. स्लॅबच्या घरात, गुळगुळीत फरशीवर ती झणझणत राहते, तिथे जाड सतरंजी आणि पडदे लागतील. कौलारू घरात वरून आवाज निसटतो, त्यामुळे त्रास कमी. खोलीची लांबी मोजा. ४ मीटर असेल तर ४३ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज भिंतींमध्ये फुगतो, ३ मीटर असेल तर ५७-५८च्या आसपासचा. बसायची खुर्ची मागच्या भिंतीला टेकवली तर तो जास्तच ऐकू येतो, हातभर पुढे घ्या.

ऐकायची गाणीही आधीच काढून ठेवा. माझ्या यादीत सगळ्यात वर केसरबाई केरकरांचं ७८च्या तबकडीवरून उतरवलेलं गाणं असतं. त्यात खोल खर्ज नाही, अगदी वरचे स्वरही फारसे नाहीत, जे आहे ते सगळं मधलं, गळ्याचं. क्रॉसओव्हर चुकला असेल तर आवाज नाकातून येतो किंवा एका तानेत मागे सरतो आणि पुढच्या तानेत पुढे येतो. त्यानंतर तानपुरा, मग घुमट आरतीचं एखादं रेकॉर्डिंग, ज्यात शामेळ आणि कांसाळे एकत्र वाजतात. गर्दीतही प्रत्येक वाद्य आपापल्या जागी उभं दिसलं पाहिजे.

एकच स्पीकर आधी पूर्ण करा आणि तो आठवडाभर वाजवा. दुसऱ्याचा क्रॉसओव्हर तोवर पुठ्ठ्याच्या डब्यात, सिलिका जेलची पुडी घालून, झाकण लावून ठेवा.