एसटीपीवर कामाला लागताय? आधी खालचा ओढा पाहून या

रसायनशास्त्रात बीएस्सी करून मी एका छोट्या नगरपरिषदेच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर, म्हणजे एसटीपीवर, केमिस्ट म्हणून लागले. नवी मुलं आली की आधी पॅनेल, पंप, व्हॉल्व्ह शिकायला बघतात. ते यायलाच हवं, पण मी त्यांना पहिल्यांदा आउटलेटच्या खाली ओढ्याकाठी नेते.

माणशी रोज 135 लिटर पाणीपुरवठा धरला, तर साधारण 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन परत येतं. दहा हजार वस्तीचं हे रोजचं दहा-अकरा लाख लिटर झालं. पावसाळ्यात ओढ्याला स्वतःचं पाणी असतं. फाल्गुन-चैत्रात तो आटतो, मग त्यात वाहतं ते फक्त आपण सोडलेलं. केंद्राच्या 2017 च्या अधिसूचनेत छोट्या शहरांच्या एसटीपींना लिटरमागे 30 मिलिग्रॅम बीओडीची (मैला खाताना जिवाणू जितका ऑक्सिजन ओढतील त्याची) मुभा आहे. आंघोळीलायक नदीसाठी मर्यादा आहे 3 मिलिग्रॅम. ही तफावत भरून काढायला उन्हाळ्यात ओढ्यात पाणीच नसतं. म्हणून नुसता रिपोर्ट पास झाला की काम झालं, असं मी मानत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाने तुमच्या प्लांटला दिलेल्या संमतिपत्रात आकडा आणखी कडक असू शकतो. तो पाठ असू द्या.

मैला खाताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि ओढ्यातले मासे गुदमरतात. आपण तेच जिवाणू टाकीत वाढवतो, ब्लोअरने हवा देतो आणि त्यांचं खाणं ओढ्यात पोचण्याआधीच उरकून घेतो. 1914 मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी दाखवलं की खाली बसलेला, जिवाणूंनी भरलेला गाळ टाकून न देता पुन्हा वापरला, तर शुद्धीकरण फार लवकर होतं. आजही नवा प्लांट सुरू करताना चालू प्लांटमधला गाळ विरजणासारखा आणून घालतात.

हा गाळ ओळखायला शिका, बाकीचं मागून येतं. एक लिटरच्या सिलिंडरमध्ये टाकीतलं मिश्रण भरून अर्धा तास न हलवता ठेवा. गाळ 300 मिलीवर बसला आणि एमएलएसएस (मिश्रणातल्या गाळाचं सुकं वजन) लिटरला 3000 मिलिग्रॅम असेल, तर एसव्हीआय, म्हणजे एक ग्रॅम गाळाने व्यापलेली जागा, 100 मिली येतो. उत्तम. 150 च्या वर जायला लागला की गाळ फुगतोय, नीट बसत नाहीये. थोड्याच काळात तो पाण्याबरोबर ओढ्यात जाईल. निरोगी गाळ तपकिरी असतो, त्याला ओल्या मातीचा वास येतो. काळा पडून कुजका वास आला, तर हवा कमी पडतेय. बीओडीचा निकाल 27 अंशांवर तीन दिवसांनी कळतो. सिलिंडर अर्ध्या तासात सांगतो. मी तो रोज लावते, सुट्टीवरून आले की सर्वांत आधी.

विजेचं सगळ्यात मोठं बिल ब्लोअरचं असतं. म्हणून रात्री तो बंद ठेवा, असं सांगणारे भेटतात. ऐकू नका. डीओ, म्हणजे टाकीतल्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास असेल, तर हवा कमी करायला वाव आहे का ते मीटर बघून ठरवा, घड्याळ बघून नाही. लाइट गेली, तर वेळ लॉगबुकात लिहा. शेवटी जंतू मारायला घालतात ते क्लोरीनही मापातच हवं. उरलेलं जास्तीचं क्लोरीन माशांना मारतं. पहिल्या मोठ्या पावसात गटारांतून इतकं पाणी येतं की जिवाणूच वाहून जायची भीती असते, तेव्हा वरिष्ठांना लगेच कळवा.

एका बाबतीत मात्र माझ्याकडे तडजोड नाही. मॅनहोल किंवा बंद टाकीत उतरायचं नाही. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास प्रमाण वाढल्यावर येईनासा होतो, कारण नाकच बधिर होतं. आत पडलेल्याला काढायला मागोमाग उतरलेली माणसंही यात गेली आहेत. संरक्षक साधनांशिवाय गटार साफ करायला माणूस उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. कुणीही सांगितलं तरी नाही म्हणा.

आयटीआयचे इलेक्ट्रिशियन आणि फिटर, डिप्लोमावाले, बीएस्सीवाले, सगळ्यांना इथे जागा आहे. बरेच प्लांट ठेकेदार चालवतात, तेव्हा पगारासोबत पीएफ आणि विमा विचारून घ्या. मुलाखतीला गेलात की डीओ मीटर आणि गॅस डिटेक्टर चालू आहेत का ते बघा आणि लॉगबुक चाळा. महिनोन् महिने रोज तेच आकडे लिहिलेले दिसले, तर तिथे कुणी मोजत नाही असं समजा आणि दुसरा प्लांट शोधा.