गेलेल्या बॅचमेटचं पान लिहायचं असेल तर

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या आमच्या मागच्यापुढच्या बॅचमधल्या दिवंगतांची पानं मी स्मरणिकेसाठी लिहितो. हे काम नव्याने अंगावर घेणाऱ्यांसाठी थोडं.

तेरावा होईपर्यंत घरी फोन करू नका. तोवर नाव, शाखा आणि वर्ष कॉलेजच्या नोंदीवरून पक्कं करा. वर्गातल्या मुलींचं माहेरचं नाव आधी आणि सासरचं नंतर, अशी दोन्ही छापा. नाहीतर होस्टेलच्या मैत्रिणींनाच कळत नाही कोण गेलं ते. जन्मतारीख 1 जून दिसली तर जपून. आमच्या पिढीत गुरुजींनी शाळेत नाव घालताना निम्म्या गावाला ती तारीख वाटली आहे. खरी तारीख थोरल्या बहिणीला माहीत असते, निदान नागपंचमीच्या आधी की नंतर एवढं तरी.

खरी मेहनत नोकरीच्या भागात आहे. घरचे अभिमानाने सांगतात, ‘यांनी अमुक धरण बांधलं.’ धरण एकटा कोणी बांधत नाही. कोणत्या साली, कोणत्या हुद्द्यावर, कोणत्या उपविभागात होते ते विचारा. सांडवा, कालवा की नुसतं संकल्पचित्र? सेवापुस्तकाची प्रत किंवा बदलीचे हुकूम बहुतेक घरांत पेन्शनच्या कागदांबरोबर जपून ठेवलेले असतात, ते मागा. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं. त्या काळात नोकरीत असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरी ‘हे पानशेतच्या वेळी तिथेच होते’ असं ऐकायला मिळतं. तिथे म्हणजे धरणावर, की पूर ओसरल्यावर शहराचं पाणी सुरू करणाऱ्यांत, की नुसतेच पुण्यात राहायला? तिन्ही खरं असू शकतं, पण पान तीन प्रकारचं होतं.

विश्वेश्वरय्या आपल्याच कॉलेजचे. त्यांनी योजलेले स्वयंचलित दरवाजे 1903 साली खडकवासल्याला बसले, हे एका वाक्यात सांगता येतं. बाकीच्यांचं काम दहा जणांच्या सह्यांत विखुरलेलं असतं. ते शोधायला हाताखालच्या माणसांकडे जा. मुख्य अभियंता होऊन निवृत्त झालेल्या एका मित्राच्या घरून मला सत्कारांची यादी मिळाली होती. त्याच्या जुन्या कारकुनाने मात्र सांगितलं, की साहेब पिचिंगची, म्हणजे उतारावरच्या दगडी अस्तराची, जाडी स्वतः टेप लावून बघायचे आणि तोवर मोजणी पुस्तकावर सही करायचे नाहीत. सत्कार एका ओळीत गेले, टेपला परिच्छेद मिळाला.

‘मनमिळाऊ’, ‘हसतमुख’ सरळ खोडा. ‘अजातशत्रू’ तर आधी खोडा. आमच्या खात्यात ज्याने ठेकेदाराचं एकही बिल अडवलं नाही, तोच अजातशत्रू राहू शकतो.

चौकशी, निलंबन, दारू, मोडलेला संसार यांतलं काय छापायचं ते घरच्यांच्या मर्जीवर सोडा. पण गाळणं वेगळं आणि खोटं लिहिणं वेगळं. नोकरी गेली असेल तर ‘स्वेच्छानिवृत्ती’ लिहू नका. ‘1984 पर्यंत सेवेत’ एवढं पुरतं. पदवी घेऊन शेती केली किंवा खानावळ चालवली, त्यांची पानं आखडती घेऊ नका. कोणती पिकं, किती ताटं, हे धरणाइतक्याच बारकाईने विचारा. बोट क्लबात वल्हवणारे असतील तर त्यांची जागा बोटीत पुढे होती की मागे, तेही.

फोटो कामाच्या साइटवरचा मागा. शेवटच्या आजारातला नको.

मसुदा घरी पाठवून देऊ नका, बसून वाचून दाखवा. वहिनी जिथे ‘थांबा हं’ म्हणतात, तिथे बहुधा साल चुकलेलं असतं किंवा बदलीचं गाव. दुरुस्त केलेल्या पानाची एक प्रत, वर बॅचचं वर्ष घालून, कॉलेजच्या ग्रंथालयात द्या.