काळ्या मातीला कोणतं पाणी मानवतं, हे घरच्या घरी कसं तपासावं

आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी जड, म्हणून सॉफ्टनर बसवला. तो धुताना निघणारं खारं पाणी कुणीतरी बागेकडे वळवलं. उन्हाळाभर काही जाणवलं नाही. पावसाळा सुरू झाला आणि माती गिलाव्यासारखी लिंपली गेली. वर पाणी साचलेलं, वीतभर खाली कोरडं ठाक. मोगऱ्याचा अख्खा ताटवा गेला. मला ते अजून लागून राहिलंय, कारण चार बरण्यांत हे आधीच दिसलं असतं.

पुण्यात हडपसर-मांजरीकडून पूर्वेला भेटणारी काळी माती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीचं खनिज म्हणजे पापुद्रेच, एकेक मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढा पातळ आणि ऋणभारित. त्यामुळे पाण्यातले सोडियम, कॅल्शियम असे धनभारित आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, त्यांच्याभोवती गोळा होतात. आयन सोडियमचे आणि पाणी गोडं असेल तर हा घोळका ऐसपैस पसरतो, पापुद्रे एकमेकांना लोटतात आणि माती फुगते. क्षार वाढले की घोळका आखडतो. मीठ शंभरपट केलं तर त्याची जाडी दहापट घटते. कॅल्शियमवर भार दुप्पट, तो पापुद्रे जवळ धरून ठेवतो.

आता कामाला लागू. हातभर खोलीवरची माती दोन दिवस कडक उन्हात वाळवा, लाटण्याने फोडा, मैद्याच्या चाळणीने चाळा. खुणा असलेल्या १०० मिलीच्या चार अरुंद नळ्या घ्या आणि प्रत्येकीत १० ग्रॅम माती टाका. पहिलीत बॅटरीचं पाणी (म्हणजे डिस्टिल्ड वॉटर; नळाचं नको, त्यात क्षार असतात), दुसरीत चमचाभर मीठ विरघळवलेलं तेच पाणी, तिसरीत रॉकेल, चौथीत तुम्ही बागेला जे देता ते पाणी. काडीने ढवळून हवेचे बुडबुडे काढा आणि २४ तास हात लावू नका. रॉकेलची नळी शेगडीपासून लांब ठेवा.

दुसऱ्या दिवशी माती किती खुणांपर्यंत बसली ते वाचा. रॉकेलमध्ये ती फुगतच नाही, म्हणून तो आपला पाया. तिथे १० आणि बॅटरीच्या पाण्यात १७ आलं तर फुगवटा ७० टक्के. प्रयोगशाळेतही आयएस २७२०, भाग ४० या भारतीय मानकाप्रमाणे हेच करतात. आकडा ५०च्या पुढे असेल तर कंपाउंडची भिंतसुद्धा इंजिनिअरला विचारल्याशिवाय बांधू नका. मिठाच्या नळीत माती झटपट खाली बसते आणि सहसा कमी फुगते.

इथेच फसायला होतं. मीठ मातीला सुधारतंय असं वाटतं. म्हणून त्या नळीतलं वरचं पाणी अलगद ओता, बॅटरीचं पाणी भरा, हलवा, बसू द्या. असं तीन-चार वेळा करा. चौथ्या, बागेच्या पाण्याच्या नळीचंही असंच करून ताडून बघा. मीठ धुऊन जातं, पापुद्र्यांना चिकटलेला सोडियम मागे राहतो, आणि एका वेळी असं होतं की रात्रभर ठेवूनही पाणी गढूळच. पहिल्या पावसाने आमच्या बागेत नेमकं हेच केलं होतं. आता त्यातच अर्धा चमचा जिप्सम (कॅल्शियमचा क्षार) टाकून हलवा. थोड्याच वेळात ढगासारखे पुंजके जमतात आणि वर नितळ पाणी दिसू लागतं. हे डोळ्यांनी एकदा बघाच.

नॉर्वेत हाच प्रकार जीवघेणा ठरतो. समुद्रात साचलेल्या तिथल्या चिकणमातीतलं मीठ गोड्या पाण्याने हजारो वर्षं धुतलं गेलं. १९७८मध्ये रिसा इथे अशी माती पातळ होऊन शेतं-घरांसकट वाहून गेली.

नळ्या नसतील तर सुकलेलं, हरभऱ्याएवढं ढेकूळ बॅटरीच्या पाण्यात अलगद सोडा. ते नुसतं फुटून ढासळलं तर घाबरू नका, काळी माती ढासळतेच. पण त्याच्याभोवती दुधासारखं धुकं पसरलं तर माती चोपण, म्हणजे सोडियम साचून बिघडलेली, होऊ लागली आहे. मग माती परीक्षण करून घ्या. सामू (पीएच) ८.५च्या वर आणि विनिमययुक्त, म्हणजे पापुद्र्यांना चिकटलेला, सोडियम १५ टक्क्यांच्या पुढे असेल तर ती चोपणच.

उपाय करताना क्रम चुकवू नका. आधी ते पाणी बंद करा आणि निचऱ्याचा चर काढा. मग अहवालात सांगितलं असेल तेवढंच जिप्सम मातीत मिसळा आणि गोडं पाणी सोडा, म्हणजे सुटलेला सोडियम चरातून बाहेर जाईल. चर नसेल तर तो तिथेच मुरतो आणि जिप्सम वाया जातं.