पाखाडीवर पाय मुरगळल्यावर

पाऊस लागून दोन-तीन आठवडे झाले की कोकणातल्या जांभ्याच्या पाखाड्यांवर शेवाळ धरते आणि आयुष्यभर त्याच पायऱ्या उतरलेल्या माणसाचाही पाय एखाद्या सकाळी सटकतो. घोटा मुरगळला की घरात दोन सल्ले हमखास मिळतात. कोणी तेल लावून पाय चोळून, ओढून ‘बसवून’ घ्यायला सांगते, तर कोणी महिनाभर जमिनीला पाय लावू नका म्हणते. या दोन्हींमुळे दुखणे लांबते, म्हणून काय करावे ते थोडे सविस्तर लिहितो.

तळवा आत वळतो तेव्हा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध, म्हणजे डॉक्टर ज्यांना लिगामेंट म्हणतात ते हाडांना जोडणारे पट्टे, ताणले जातात. तंतू नुसते ताणले असतील तर एक-दोन आठवड्यांत माणूस चालू लागतो. काही तंतू तुटले असतील तर साधारण तीन ते सहा आठवडे लागतात आणि पट्टा पूर्ण तुटला असेल तर काही महिने जातात. मात्र त्याआधी हाड मोडलेले नाही ना, हे पाहायला हवे. त्यासाठी कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली मांडलेले नियम आजही जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांची मागची कड, टोकापासून वर सुमारे ६ सेंटीमीटरपर्यंत, बोटाने दाबून पाहावी. नंतर पायाच्या बाहेरच्या कडेला करंगळीच्या रेषेत मध्यावर असलेला हाडाचा उंचवटा आणि आतल्या बाजूला कमानीच्या माथ्यावरचे हाड दाबावे. यांपैकी कुठेही हाडावरच कळ येत असेल, किंवा पडल्यावर लगेच आणि नंतरही, लंगडत का होईना, चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढल्याशिवाय राहू नये. पाऊल बधिर, गार किंवा निळसर पडले असेल, तर त्याच तासाला दवाखाना गाठावा.

हाड शाबूत असेल तर पहिले दोन दिवस क्रेप बँडेज बांधावे. ते बोटांच्या मुळापासून वर, घट्ट पण बोटे काळीनिळी होणार नाहीत इतकेच असावे. पाय उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवावा. बंदरावर बर्फ सहज मिळतो, पण तो थेट कातडीवर न ठेवता ओल्या पंच्यात गुंडाळून एका वेळी १० ते १५ मिनिटेच लावावा. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणे ही चौकडी १९७८ साली गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी रूढ केली. पुढे त्यांनीच सांगितले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे बरे होणे लांबू शकते. त्यामुळे बर्फ दुखणे कमी करण्यापुरता वापरावा.

मी स्वतः एका पावसाळ्यात तिसऱ्याच दिवशी पाय ओढून घेतला होता. संध्याकाळपर्यंत घोट्याचा उंचवटा सुजेत दिसेनासा झाला आणि जे दुखणे पंधरा दिवसांत जायचे त्याला दोन महिने लागले. न फुटलेल्या कातडीवर आंबेहळदीचा लेप लावायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती ताज्या जखमेला चोळण्याला आणि ओढण्याला.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बसल्या बसल्या पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवावी, म्हणजे घोटा सगळ्या दिशांना फिरतो. दुखणे सहन होण्याइतपत राहील एवढा भार टाकून चालायला लागावे, सुरुवातीला काठी घेऊन. दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसली तर आदल्या दिवशीचे काम जास्त झाले असे समजून ते निम्मे करावे.

पोटरीचे दुखणे वेगळे असते. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढताना वाळूत टाचा रोवून मागे रेटा देताना पोटरीत गोळा येतो. पाऊल आपल्याकडे खेचून धरले की तो काही मिनिटांत सुटतो. स्नायू फाटला असेल तर मात्र कोणी मागून दगड मारल्यासारखी एकाएकी कळ येते आणि एक-दोन दिवसांत निळा डाग उतरतो. अशा पोटरीला पहिले तीन-चार दिवस शेक, मालीश किंवा ताण देऊ नये, कारण आतला रक्तस्राव वाढतो. टाचेच्या वरच आवाज होऊन पायातले बळ गेले असेल, तर खाटेवर पालथे पडून पाऊल कडेबाहेर सोडावे आणि दुसऱ्याने पोटरी दाबावी. पाऊल हलले नाही तर टाचेची कंडरा, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी जाड दोरी, तुटलेली असण्याची दाट शक्यता असते. तेव्हा एक दिवसही दवडू नये. काही न लागता एकच पोटरी सुजली आणि गरम लागली, तर रक्ताची गाठ असू शकते. त्याच दिवशी तपासून घ्यावे.

सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिल्याच पावलाला टाचेत खिळा टोचल्यासारखे होत असेल, तर ते तळव्याच्या पट्ट्याचे दुखणे असते. फरशीवर अनवाणी वावरणे आणि झिजलेल्या रबरी चपला यांमुळे ते वाढते. पाय जमिनीवर ठेवण्याआधी बोटे नडगीकडे खेचून १० सेकंद धरावीत. असे १० वेळा करावे. पाण्याची बाटली गोठवून, पायात मोजा घालून, तळव्याखाली फिरवावी. बहुतेकांचे हे दुखणे शस्त्रक्रियेशिवाय जाते, पण त्याला दहा-बारा महिनेही लागू शकतात. मधुमेह असलेल्यांनी बर्फ किंवा गरम शेक स्वतःच्या मनाने घेऊ नये, कारण बधिर तळव्याला चटका कळत नाही.

डोक्यावर भारा घेऊन पाखाडी चढण्याआधी मी एकच परीक्षा सांगतो. ओटीवर, आधाराला खांब हाताशी ठेवून, दुखावलेल्या एका पायावर उभे राहावे आणि टाच उचलावी. दुसऱ्या पायाने जितक्या वेळा टाच उचलता येते तितक्या वेळा, न दुखता, याही पायाने उचलता येईपर्यंत भारा दुसऱ्याच्या डोक्यावर राहू द्यावा.