फोम झडलेला वूफर: कॉइल मधोमध आणायची कशी

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारली की एखादा तरी वूफर, म्हणजे बासचा मोठा स्पीकर, असा दिसतोच: कोनाभोवतीची, म्हणजे पुढच्या हलणाऱ्या पडद्याभोवतीची, फोमची रिंग झडलेली, कडेला काळा चिकट भुगा. विकणाऱ्याच्या लेखी तो मॅग्नेटच्या वजनाचं भंगार. माळ्यावर टाकलेल्या ऐंशीच्या दशकातल्या स्पीकर बॉक्सचीही तीच गत असते. ही रिंग पॉलियुरेथेन फोमची. वाजवा किंवा न वाजवा, दमट हवेत ती काही वर्षांनी आपोआप विरते. कोन, त्याला मागून जोडलेली तारेची कॉइल आणि मॅग्नेट मात्र बहुतेक वेळा शाबूत असतात. म्हणून ‘फोम गेला म्हणजे स्पीकर गेला’ हे ऐकून घेऊ नका. ‘नवा कोन टाकून देतो’ म्हणणाऱ्याचंही ऐकू नका. कोनाचं वजन बदललं की त्या खोक्यासाठी जमवलेला बासही बदलतो.

घेण्याआधी मल्टीमीटर लावा. ८ ओहमच्या वूफरला साधारण साडेपाच ते सात आकडा यायला हवा, ४ ओहमच्याला तीन ते साडेतीन. काहीच आकडा आला नाही तर कॉइल किंवा तिची तार तुटली आहे. मग दोन्ही अंगठे कोनावर समोरासमोर ठेवून तो हलकेच आत दाबा. जरा इकडेतिकडे सरकवल्यावर कुठेतरी मोकळा हलला, तर घ्या. कसाही धरला तरी खरखरत असेल, तर आपटून मॅग्नेट सरकलेला आहे किंवा कॉइल वाकडी झाली आहे. तो तिथेच ठेवा.

मॅग्नेट खोलू नका. मागे काळी जाड चकती दिसली तर तो फेराइट. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कोबाल्टचे भाव भडकले आणि बहुतेक कारखाने अल्निको, म्हणजे कोबाल्ट घातलेला मिश्रधातूचा मॅग्नेट, सोडून फेराइटकडे वळले, त्यामुळे त्याआधीच्या स्पीकरमध्ये अल्निको मिळण्याची शक्यता जास्त. अल्निकोचा सांगाडा सुटा केला की त्याचं चुंबकत्व उतरतं आणि घरी ते परत भरता येत नाही.

रिंग मागवताना ‘आठ इंची’ एवढं सांगून भागत नाही. कोनाचा बाहेरचा व्यास आणि फ्रेमवर रिंग चिकटते त्या पट्टीचे आतले-बाहेरचे व्यास मिलिमीटरमध्ये मोजा. मूळ फोम होता तर फोमच घ्या. रबर जास्त टिकतं हे खरं, पण ते जड आणि ताठ असतं.

जुना फोम आणि गोंद बोथट सुरीने खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. थिनर नको. टेबलावर लोखंडाचा कीस नसेल याची खात्री करा.

आता खरं काम. कॉइल ज्या फटीत हलते ती फट एखाद-दीड मिलिमीटरची, आणि त्यात कॉइलच्या दोन्ही बाजूंना केसाएवढी जागा. रिंग अर्धा मिलिमीटर जरी एका बाजूला बसली तरी कॉइल घासते. त्यात फोम गेल्यावर स्पीकर दहा-दहा वर्षं उभा राहिलेला असतो, त्यामुळे कोनामागची नालीदार जाळी, म्हणजे स्पायडर, कोनाच्या वजनाने खाली झुकलेली असते. काही जण सांगतात की कोनाच्या मधल्या टोपीला हात लावू नका, रिंग चिकटवताना २०-३० हर्ट्झचा सूर हळू वाजवा, कोन आपोआप मधे येतो. लहान, घट्ट स्पायडरच्या स्पीकरला ते चालतं. झुकलेल्या जुन्या वूफरला माझ्या अनुभवात चालत नाही, आणि या सल्ल्यापायी मी दोन चांगले वूफर घालवलेत.

मधली टोपी कापा. नवं ब्लेड तिरपं धरून कडेकडेने तीन-चतुर्थांश फिरवा आणि उरलेला भाग बिजागरीसारखा राहू द्या. आधी बघा, काही स्पीकरमध्ये कॉइलच्या तारा टोपीखालूनच येतात. आत कॉइलची नळी आणि तिच्या मधोमध लोखंडी खांब दिसेल. जुन्या फोटोच्या निगेटिव्ह फिल्मच्या सात-आठ मिलिमीटर रुंद पट्ट्या कापा आणि नळी व खांब यांच्यामध्ये चार दिशांना सरकवा. सगळ्या पट्ट्या एकाच फिल्मच्या हव्यात. ढिल्या वाटल्या तर समोरासमोरच्या जोडीत एकेक वाढवा, एका बाजूला कधीच नाही. बोटाने ढकलल्यावर कोन डावी-उजवीकडे अजिबात सरकता कामा नये, पण पट्ट्यांनी नळी फुगताही कामा नये. फटीत कचरा दिसला तर पुठ्ठ्याच्या पट्टीला चिकटपट्टी उलटी गुंडाळून तो उचलून घ्या. फुंकर मारू नका.

पट्ट्या आत ठेवूनच रिंग आधी कोनाला चिकटवा आणि रात्रभर सोडा. फ्रेमची बाजू दुसऱ्या दिवशी. दोन्हीकडे एकदम गोंद लावला की एक सावरताना दुसरी सरकते. गोंद पांढरा, पाण्याचा, फेविकॉल एसएचसारखा. फेविक्विक तर अजिबात नाही, कारण त्यात रिंग सरकवायला वेळच मिळत नाही. फ्रेमवर बसवल्यावर पहिली दहा मिनिटं बोटांनी रिंग फिरवत, दाबत कोनाभोवती ती सगळीकडे सारखी करा. मग कपड्यांचे चिमटे लावा.

पट्ट्या काढायची घाई करू नका. एकदा श्रावणात मी उन्हाळ्याच्या हिशोबाने सकाळीच पट्ट्या ओढल्या. वरून रिंग घट्ट वाटत होती, खाली गोंद अजून पांढराच होता. ती नकळत सरकली. कमी आवाजात काहीच कळलं नाही, आवाज वाढवला की खरखर. तसाच आठवडाभर वाजवला आणि कॉइलचं इनॅमल खरवडून ती जळाली. तेव्हापासून मी पावसाळ्यात हे काम घेत नाही. घ्यावंच लागलं तर ३६ तास थांबते. कडेला गोंदाचा एक ठिपका मुद्दाम ठेवा. तो पूर्ण पारदर्शक झाला की पुढे जा.

पट्ट्या काढा, अंगठ्यांनी दाबा, कान जवळ नेऊन ऐका. थोडंही घासत असेल तर ओल्या बोळ्याने गोंद मऊ करून फ्रेमची बाजू पुन्हा सोडवा. ‘वाजून वाजून बसेल’ असं होत नाही. घासत नसेल तरच टोपी चिकटवा.

क्रॉसओव्हरमधले, म्हणजे आवाज वूफर आणि ट्विटरमध्ये वाटणाऱ्या सर्किटमधले, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदला: त्याच मायक्रोफॅरडचे, पण नॉन-पोलर, म्हणजे प्लस-मायनस नसलेले, घ्या. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून दोन्ही खोक्यांतले वूफर एकाच दिशेला हलतात हे पाहा. आणि खोक्यात बसवताना वूफर आधी होता त्याच्या उलटा, १८० अंश फिरवून बसवा. इतकी वर्षं स्पायडर ज्या बाजूला झुकत होता, ती आता वर येईल. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा.